दुसऱ्या पेटीचे खटके

मला नीटनेटकेपणाचं वेड आहे, आणि त्या वेडापायी मी एका माणसाची नोकरी घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी बाजू घेत बसायला नको.

साल बहात्तर. आमच्याकडं त्या सालाचं नाव काढलं की लोक आपोआप आवाज खाली करतात. मी तेव्हा नगरपासून थोड्या अंतरावरच्या एका शेती संशोधनाच्या कचेरीत कार्डं पंच करायचे. मूळची सोनईची, मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि तोंडाची फटकळ. कोरडवाहू ज्वारीच्या चाचण्यांचे आकडे शेतावरून वह्यांतून यायचे, ते मी भोकांच्या रूपात कार्डांवर उतरवायचे आणि ती कार्डं संगणकात जायची. हा संगणक मुंबईच्या एका संस्थेनं स्वतःला नवा घेतला म्हणून आमच्या गळ्यात पडलेला जुना होता. लोखंडी कपाटांएवढा, समोर दिव्यांच्या ओळी. त्याच्या खोलीत सगळ्या पंचक्रोशीतलं एकुलतं एक एअरकंडिशन. शिपाई दारातून डोकवायचा आणि म्हणायचा, "मान्सांना प्यायला पानी न्हाई आन् ह्या कपाटाला गार हवा." त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या घरची दोन माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती.

ते यंत्र सांभाळायला एक मेकॅनिक होते. वय पन्नाशीचं. नगरच्याच जुन्या ख्रिस्ती घरातले. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये रेडिओ दुरुस्त करून निवृत्त झालेले. सगळी कचेरी त्यांना काका म्हणायची, मीही. संगणक त्यांना कुणी शिकवला नव्हता. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकाची निम्मी पानं गायब होती, उरलेल्या पानांवर ते शिकले. नोकरी हंगामी. साहेबांनी त्यांना आमच्या सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की डिसेंबरात पुण्याहून समिती येणार आहे. सगळ्या चाचण्यांचं मोठं गणित आपल्या यंत्रावर करून दाखवलं, तर यंत्र इथं राहील आणि तुम्ही कायम व्हाल. नाहीतर यंत्रही जाईल आणि तुम्हीही. काकांच्या दोन मुली शाळेत होत्या. दुष्काळात पन्नाशीच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार?

ते मोठं गणित यंत्राची सगळी मेमरी असेल तरच बसायचं. मेमरीच्या दोन पेट्या होत्या. एकदा काकांनी पहिलीतलं एक पान बाहेर काढून मला भिंगातून दाखवलं. तारांच्या जाळीत ओवलेल्या बारीक काळ्या कड्या, मोहरीहूनही लहान. मी म्हटलं, ही तर काळी पोत झाली. ते हसले. म्हणाले, बाई, एकेका कडीत एक होय नाहीतर एक नाही राहतं, आणि लाइट गेली तरी ते विसरत नाही. एका पेटीत चार हजार शहाण्णव घरं, दुसरीत तेवढीच.

"पण काका, आपल्यापाशी किती पेट्या आहेत हे मशीनला कसं कळतं?" मी विचारलं. मला उगाच चौकशा करायची खोड आहे.

काकांनी फार आवडीनं समजावलं. रोज सकाळी ते तपासणीच्या कार्डांचा गठ्ठा चालवायचे. यंत्र घर नंबर शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक घरात एक आकडा ठेवायचं आणि लगेच परत मागायचं. दिला तोच आकडा परत आला, की घर आहे. असं करत करत ज्या नंबराला कुणी ओ देत नाही, तिथं गाव संपलं असं ते धरायचं, आणि छापायचं: आठ हजार एकशे ब्याण्णव. म्हणजे दोन्ही पेट्या हजर. काका म्हणायचे, ते स्वतः दारोदार जाऊन मोजतं, कुणाच्या सांगण्यावर जात नाही.

इथंच आम्ही दोघं चुकलो होतो. कोणत्या पेटीनं कोणत्या नंबरांना ओ द्यायची, हे यंत्र ठरवत नव्हतं. ते माणसानं ठरवून ठेवलेलं होतं. मागच्या बाजूला अगदी खाली एक झाकण होतं, त्याच्या आत खटक्यांच्या दोन ओळी, एकेका पेटीसाठी एकेक. मुंबईच्या इंजिनियरनं यंत्र उभं करताना ते लावले होते. काकांनी तेव्हा विचारलं, तर तो म्हणाला, त्याच्याशी तुमचं काम नाही. पुस्तकातलं ते पान नव्हतंच. काका शिस्तीचे लष्करी गडी. काम नाही म्हटलं म्हणजे नाही. त्यांनी ते झाकण कधी उघडलं नाही.

मग खंडेनवमी आली. शेतावरचे नांगर, पंप, कचेरीतले टाइपरायटर, सगळ्यांची पूजा व्हायची; संगणकाची का नको? साहेब म्हणाले, यंत्र लख्ख करा. झेंडूची फुलं त्या साली डोळ्यांनाही दिसत नव्हती. काकांनी सकाळी स्वतः मागची दारं उघडली, हाताच्या पंपानं धूळ उडवली. मग त्यांना एअरकंडिशनचा पट्टा आणायला नगरात जायचं होतं. जाताना मला म्हणाले, "बाई, हळदीकुंकू बाहेरून लावा. आत हात घालू नका. दारं मी आल्यावर लावतो."

मी म्हटलं, बरं.

त्यांची पाठ वळली आणि माझी नजर त्या झाकणाकडं गेली. कडेला धुळीचा थर. मला राहवेना. उघडलं, तर आत वरच्या ओळीत चार आणि खालच्या ओळीत चार पांढरे खटके. काही वर, काही खाली. घरात चपला वेड्यावाकड्या पडल्या तरी मला चैन पडत नाही, आणि इथं तर देवासारखं पुजायचं यंत्र. मी पदरानं धूळ पुसली आणि सगळे खटके खाली ओढून एका रांगेत आणले. झाकण लावलं, त्याच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. शिपाई नारळ घेऊन मागं उभा होता. तो म्हणाला, "आता शोभतंय बघा, बाई." मलाही बरं वाटलं. यंत्र बंद होतं, त्यामुळं काही घडलं नाही, काही जळलं नाही, कसला आवाजही झाला नाही.

दसऱ्याची सुट्टी संपून काकांनी तपासणीचा गठ्ठा चालवला, तर कागदावर आलं: चार हजार शहाण्णव. त्यांनी गठ्ठा पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. ते म्हणाले, दुसरी पेटी मेली वाटतं. पण पहिली काढून दुसरी एकटी जोडली, तर ती ठणठणीत. पहिली एकटी जोडली, तीही ठणठणीत. दोन्ही जोडल्या, की गाव निम्म्यावरच संपायचं. दोन आठवडे काका त्या खोलीत राहायलाच आल्यासारखे होते. एकेक वायर तपासली, एकेक पान काढून पुसून पुन्हा लावलं. अंगात स्वेटर, गार हवेनं बोटं वाकडी झालेली. त्यांनी साहेबांच्या सहीनं मुंबईला पत्र टाकलं.

कचेरीत तोवर कुजबुज सुरू झाली. खंडेनवमीला काका पूजेला थांबले नाहीत, प्रसाद तोंडात घातला नाही, म्हणून मशीन कोपलं. हे मी शिपायाच्या तोंडून ऐकलं आणि त्याला असा झापला की तो दोन दिवस माझ्या टेबलाकडं फिरकला नाही. मी म्हटलं, लाज वाटत नाही का, माणूस तिथं रात्रंदिवस मरतोय आणि तुम्ही त्याचा धर्म काढता. मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! आज आठवलं की अंगावर काटा येतो.

दिवाळीच्या आठवड्यात मुंबईहून उत्तर आलं. टपाल फोडून नोंदवायचं काम माझ्याकडंच होतं. पत्र इंग्रजीत, साहेबांच्या नावानं, चारच ओळींचं. त्यातली एक मला अजून पाठ आहे, पण मराठीतच सांगते: खालच्या झाकणामागचे खटके कुणी हलवले आहेत का, ते आधी पाहावे. मी ती ओळ दोनदा वाचली. लख्ख आठवलं. काही वर, काही खाली, आणि मी पदरानं पुसत होते.

पत्र साहेबांपुढं ठेवलं. साहेब भडकले. म्हणाले, "आमच्याकडं कोण हात लावणार? या मुंबईवाल्यांना यायला नको, म्हणून असले फालतू प्रश्न." त्यावर त्यांनी ‘फाइल’ असा शेरा मारला आणि माझ्याकडं सरकवलं. काकांना दाखवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्या मनात आलं. मी पत्र फाइलला लावलं, फाइल कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं. हे सगळं मी माझ्या या हातांनी केलं.

का केलं? खोटं कशाला बोलू, घाबरले. नवरा साखर कारखान्यात हंगामी होता, आणि त्या साली ऊसच नव्हता तर हंगाम कुठला. जामखेडकडच्या गावाहून सासूसासरे, दीर, जाऊ आणि त्यांची दोन लेकरं आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिली होती, विहिरीनं तळ गाठला म्हणून. सगळी माझ्या पगारावर. मीही हंगामीच होते. आत हात घालू नका असं सांगूनही हिनं घातला, हे साहेबांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी घरी बसले असते. घाबरण्यात काही चूक नव्हती असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. समजूत काही पटली नाही.

एकदा मी प्रयत्न केला, तेही सांगते. काका पोस्टात गेले होते. मी झाकण उघडलं. म्हटलं, जसं होतं तसं करून टाकू, कुणाला कळायचं नाही. पण कोणता वर होता ते आठवेना. मी पूजेसाठी पुसत होते, लक्षात ठेवायला नव्हते बसले. अंदाजानं वरच्या ओळीतला पहिला खटका वर केला, आणि समोर दिवे फडफडून यंत्र जागच्या जागी थिजलं. लाल दिवा लागला. पुन्हा खाली ओढला, झाकण लावलं आणि जागेवर येऊन बसले. काका आले, लाल दिवा बघून म्हणाले, "आता हे काय नवीन?" मी म्हटलं, "आपोआप झालं." पुन्हा मी त्या झाकणाला हात लावला नाही.

आज मला हिशेब कळतो. दुसऱ्या पेटीचे खटके चारच, म्हणजे फार तर सोळा तऱ्हा. मी तोंड उघडलं असतं तर काकांनी सोळाही लावून पाहिल्या असत्या आणि एका सकाळीत दुसरी पेटी परत आणली असती. समिती यायला अजून महिना होता.

त्या महिन्यात तोंड उघडायची एक वेळ आली होती. कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभे होतो. रस्त्यानं कामावरून परतणाऱ्या बायका चालल्या होत्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या, तोंडं धुळीनं पांढरी. काका त्यांच्याकडं बघत म्हणाले, "बाई, दोन्ही पेट्या चांगल्या आहेत. मी शंभरदा तपासल्या. मग एकच अर्थ निघतो, मला हे काम येत नाही. तीस वर्षं मी कशाला हात लावला आणि ते बोललं नाही असं झालं नव्हतं." त्यांचा आवाज साधाच होता. मला वाटलं, आत्ता सांगावं. शब्द ओठावर आले होते. मी म्हणाले, "नाही हो काका, तसं काही नसतं." एवढ्यात गाडी आली.

नाताळाच्या आधी समिती आली. तिघं जण. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी गठ्ठा चालवला, कागदावर चार हजार शहाण्णव आलं. एकानं विचारलं, बाकीची मेमरी कुठं आहे? काका म्हणाले, पेटी चांगली आहे साहेब, पण यंत्राला ती दिसत नाही. त्यांच्यातला एक जण हसला. आमच्या साहेबांनी पटकन सांगितलं की आम्हाला शिकलेला माणूसच मिळाला नाही. मी माझ्या पंचिंग मशीनसमोर बसून होते. बोटं चालू होती. त्या तासात मी जी कार्डं पंच केली ती सगळी चुकीची निघाली, दुसऱ्या दिवशी फाडावी लागली.

समितीच्या टिपणात आलं की देखभाल करणाऱ्याच्या अज्ञानामुळं यंत्र निकामी झालं. तेच काकांच्या नोकरीच्या कागदावर उतरलं. ट्रक आला तेव्हा यंत्र गोणपाटात गुंडाळायला काकाच होते. पेट्या त्यांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिल्या नाहीत. महिनाअखेर त्यांची नोकरी संपली. गार हवेच्या खोलीत बियाण्यांची पोती आली. माझी नोकरी राहिली, कारण पंचिंगची कार्डं आता पुण्याला पाठवायची ठरली.

जानेवारीत एका रविवारी मी केडगावला त्यांच्या घरी गेले. का गेले? मला झोप लागत नव्हती म्हणून. त्यांच्यासाठी गेले असं म्हणणार नाही. दारावर नाताळाची कागदी चांदणी अजून टांगलेली होती, उन्हानं रंग उडालेली. त्यांच्या बायकोनं पाट टाकला, चहा ठेवला. काका खाटेवर एक उघडा रेडिओ घेऊन बसले होते. मी चहाची वाट न बघता सगळं सांगितलं. खंडेनवमी, झाकण, पदर, रांगेत आणलेले खटके.

ते रागावले नाहीत. त्यांनी मला कागद आणि पेन्सिल दिली. "काढून दाखवा." मी वरची ओळ काढली, खालची ओळ काढली, सगळे खटके खाली. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे दोन्ही पेट्या एकाच नंबराला ओ देत होत्या," ते म्हणाले. "यंत्र शून्य नंबरला हाक मारायचं आणि दोघी एकदम बोलायच्या. आकडा एकच, म्हणून गोंधळ होत नव्हता. आणि निम्म्यापुढच्या घरांत कुणीच नाही. दुसरी पेटी एकटी जोडली तेव्हा ती शून्य नंबरावर बोललीच कशी, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं." त्यांनी आतल्या खोलीकडं वळून बायकोला हाक मारली. "अगं, पेट्या चांगल्याच होत्या. मी सांगत होतो ना."

त्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग काकांनी मला विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"दिवाळीत," मी म्हणाले. "मुंबईचं पत्र आलं होतं. ते फाइलला आहे."

चहा आला, निवला. शेवटी ते म्हणाले, "पुण्याला एका ठिकाणी रेडिओचं काम आहे. ते लोक मागच्या नोकरीचा कागद मागतात, आणि माझ्या कागदावर अज्ञान असं लिहिलंय. तुम्ही आत्ता सांगितलंत तेवढंच चार ओळींत लिहून द्याल? खाली सही करून. मी दुसरं काही मागत नाही."

मी पेन्सिल हातात धरून बसले होते. मला घरातल्या दोन खोल्या दिसल्या, सासऱ्यांचं ताट दिसलं, जावेची लेकरं दिसली. साहेबांचं तोंड दिसलं.

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

जन्मात मी कुठली गोष्ट घरी विचारून केली नव्हती. सगळ्या कचेरीला ते ठाऊक होतं, आणि काकांनाही. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग गुडघ्यावरचा तो खटक्यांचा कागद उचलला, त्याची नीट चौघडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"हा घेऊन जा, बाई," ते म्हणाले. "तुमच्या हातचा आहे. माझ्याकडं कुणाला सापडला तर तुम्हाला त्रास व्हायचा."

मी तो घेतला.